मढ्याचा मान

मार्गशीर्ष सरत आला की पहाटेचं धुकं किल्ल्याकडून येतं आणि उदगीरच्या गल्ल्यांत उन्हं वर येईपर्यंत रेंगाळत बसतं. त्या दिवशी ते पार गिरणीच्या दारात आलं होतं. उमाशंकरनं कानटोपी खाली ओढली, मोटारीचा पट्टा हातानं दाबून पाहिला, दगडाच्या वरच्या पेटीत कालचं चिकटलेलं पीठ झाडून काढलं आणि बटण दाबलं. गिरणी आधी कण्हली, मग घरघरली, मग नेहमीसारखी गाऊ लागली.

येळवस तोंडावर आली होती. या अमावस्येला उदगीर-निलंग्याकडचा माणूस घराला कुलूप घालतो आणि बायकापोरं, पै-पाहुणे, शेजारीपाजारी सगळ्यांना घेऊन रानात जेवायला जातो. बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील, डाळीच्या पिठातली भज्जी, सगळं आधी गिरणीच्या दगडाखालून जातं. त्यामुळं डब्यांची रांग उमाशंकरच्या दारातून निघून शेजारच्या रेवणसिद्धाच्या किराणा दुकानाच्या पायरीला भिडली होती. आणि तिथंच उमाशंकरचं दुखणं होतं. डबे त्याच्या दारात आणि माणसं रेवणसिद्धाच्या पायरीवर.

"काय वो मालक, कोन मारलं तुमाला?" एक बाई रेवणसिद्धाला विचारत होती.

गिरणीच्या आवाजात शब्द कानावर येत नव्हते, पण सारी हयात या घरघरीत काढलेल्या उमाशंकरला ओठांवरून बोलणं कळायचं. रेवणसिद्ध साखर जोखत म्हणाला, "सांगता येत न्हाई अक्का. लिहून घेतलंय त्यांनी माज्याकडून. बोललो तर कोर्टात खेचतेत."

बाई खूश झाली. मागं उभ्या असलेल्या दोघी तिच्याहून खूश झाल्या. उमाशंकरनं पेटीत बाजरी इतक्या जोरात ओतली की निम्मी खाली सांडली.

या गल्लीत खुनाच्या मालिकांवर बोलायचा मान आजवर त्याचा होता. टीव्हीवर कुठलीही अंधारी, रक्ताळलेली मालिका सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या भागाला उमाशंकर खुनी सांगून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा बरोबर निघायचा. चुकला तर म्हणायचा, लिहिणारा कच्चा होता. त्याला सगळे 'फौजदार' म्हणायचे. मालिकेच्या रात्री त्याच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. बायको अंजू परातभर चुरमुरे परतून सुशीला करायची, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण होईपर्यंत कोण खोटं बोललं, कुणाच्या चपलेला चिखल होता, याचा काथ्याकूट चालायचा. कुणी म्हणे, बायका मुद्दाम बारीक दळायला सांगतात, म्हणजे ऐकायला वेळ मिळतो.

आता 'कोरडी बारव' नावाची नवी मालिका येत होती. गावाकडची, काळीकुट्ट, आणि जवळच्याच एका खेड्यातल्या बारवेत काढलेली. मोठ्या जमिनीचा मालक मरतो, त्याचं मढं कोरड्या बारवेत सापडतं आणि मग एकेकाचा बुरखा फाटत जातो, अशी कथा. आणि तो मालक म्हणजे रेवणसिद्ध. तूरडाळ जोखणारा, उधारी मागताना लाजणारा, शाळेत उमाशंकरच्या मागच्या बाकावर बसून त्याच्या पाटीवरचं बघून लिहिणारा रेवणसिद्ध.

हे मढ्याचं काम आधी उमाशंकरकडं चालून आलं होतं. ही गोष्ट उमाशंकरला झोपू देत नव्हती.

झालं होतं असं. शिमग्याच्या आसपास नांदेडचा रविकिरण नावाचा पोरगा गिरणीत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन मोबाईल. शूटिंगवाल्यांसाठी गावोगावची माणसं हेरून द्यायचं त्याचं काम. उमाशंकर तेव्हा नुकतंच गहू संपवून उभा होता. भुवया, मिश्या, पापण्या सगळ्या पांढऱ्या. पोरगा बघतच राहिला.

"काका, असाच चेहरा पाहिजे. केव्हाचा शोधून राहिलो मी."

"कशाला?"

"मढ्याला. घरंदाज लिंगायत माणूस दाखवायचाय. तुमच्यात मेलेल्या माणसाला बसवून नेतात ना, विमानात? कपाळाला विभूती, गळ्यात हार. तुम्ही निस्तं डोळे मिटून बसायचं. बाकी काही करायचं नाही."

उमाशंकरच्या अंगावरून मोरपीस फिरलं. त्यानं कानटोपी काढली, तोंड पुसायला गेला, तर पोरगा म्हणाला, पुसू नका. पण गिरणीच्या मागंच घर, आणि घराच्या दारात उमाशंकरची आई केवळाबाई पाय पसरून तूर निवडत बसलेली. तिच्या कानावर 'विमान' पडलं.

"काय म्हनलास रं?" सूप बाजूला सारून ती उठली. "माज्या डोळ्यांदेखत माज्या लेकाला विमानात बसवतूस? म्या अजून जिती हाय, दिसत न्हाई का तुला?"

"आजी, खोटं खोटं असतंय ते."

"विमान खोटं खोटं नसतंय."

त्यापुढं काही चाललं नाही. आई जिवंत असताना लेकानं मढं होऊन बसायचं म्हणजे अपशकुनाला घरी बोलवून पाट देण्यासारखं. उमाशंकरलाही आतून ते खरं वाटलं. आणि त्या वेळी त्याला वाटलं होतं, असून असून काय असणार, पालखीत क्षणभर दिसेल एक डोळे मिटलेला माणूस, तोही फुलांखाली झाकलेला. त्यानं सहज हात करून शेजारचं दुकान दाखवलं. "त्या रेवणसिद्धाला इचारा. त्याची आई मागंच गेली. त्याला काय आडकाठी न्हाई."

रेवणसिद्ध घटकाभराचं काम म्हणून गेला आणि आठवडाभर राहिला. बायकोला सांगितलं, लातूरला मालाचं बघायचंय. डायरेक्टरला त्याचा चेहरा इतका आवडला की मालकाची जिवंतपणची दृश्यंही त्याच्यावरच घेतली. मालक झोपाळ्यावर बसलाय, मालक गड्याकडं बघतोय, मालक बारवेच्या पायऱ्या उतरतोय. आणि दिवाळीनंतर जाहिरात आली तेव्हा मोबाईलवर, चौकातल्या फलकावर, सगळीकडं रेवणसिद्धाचं थोबाड. अर्ध्या तोंडावर अंधार, अर्ध्यावर कंदिलाचा उजेड.

त्या दिवसापासून गाव पागल झालं. उदगीर-निलंगा गाडीवरचा कंडक्टर ज्ञानोबा तिकिटं फाडता फाडता उतारूंना ती जाहिरात दाखवायचा. "ह्ये आमचं दुकानदार. साखर ह्येंच्याकडनंच घेतो मी." कुणी म्हणे धाकट्या भावानं मारलंय, कुणी म्हणे जावयानं, कॉलेजातल्या पोरी जाहिरात थांबवून थांबवून मागच्या भिंतीवरची सावली मोजत होत्या. पूर्वी हे सगळे तर्क पीठ झाडत झाडत उमाशंकरच्या पुढ्यात यायचे. आता थेट मढ्याकडं जायचे. मढ्याला ठाऊकच असणार कोण मारलं ते. आणि ते मढं नुसतं गालात हसायचं.

उमाशंकरनं एकदा चारचौघांत सांगून पाहिलं. "ते काम आधी मला आलतं."

ज्ञानोबानं तंबाखू चोळता चोळता मान हलवली. "हाव फौजदार. आन् मला त्येंनी नाचायला बोलवलं होतं."

"खरं सांगायलाव. रविकिरण गिरणीत आलता. रेवण्या, तू तरी सांग की."

रेवणसिद्ध गोंधळून बघायला लागला. "मला कसं ठाव असंल? ते पोरगं माज्या दुकानात आलं, मला घेऊन गेलं. तुजं नाव काय काढलं न्हाई त्यानं."

"मग अव्वाला इचारा."

केवळाबाईला विचारलं तर तिनं कानांवर हात ठेवले. "न्हाई गं बाई. असलं वंगाळ माज्या उम्याला कोन म्हनंल?" तिच्या हिशेबी ते तोंडातून काढणंच पाप होतं. उमाशंकर मात्र गल्लीत खोटा पडला. त्यानंतर कुणी हसून 'मालक नंबर दोन' म्हणालं, तेव्हा त्यानं त्या माणसाचं ज्वारीचं दळण मुद्दाम जाड काढलं.

मालिका दाखवणाऱ्यांनी पहिला भाग ठेवला तो नेमका येळवसेला, दिवेलागणीच्या वेळी. अमावस्येला भीती जास्त वाटते, असा त्यांचा हिशेब असणार. या मुलखात त्या दिवशी टीव्हीपुढं बसायला घरात मांजरसुद्धा नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण रेवणसिद्धानं त्यावरही तोड काढली. त्याचं रान निलंगा रस्त्याला लागून, विहिरीवर लाईट. त्यानं कडब्याच्या कोपीपुढं पांढरा पडदा लावून, भाड्यानं यंत्र आणून अख्ख्या गल्लीला 'कोरडी बारव' दाखवायचं ठरवलं. जेवण त्याच्याकडं, मालिका त्याच्याकडं. दर येळवसेला उमाशंकरच्या रानात पंगत बसायची. आंबिलीचं मडकं अंजूला दोनदा भरावं लागायचं. या वर्षी ज्ञानोबा आधीच सांगून गेला, "फौजदार, तू बी तिकडंच ये की. सुशीला घिऊन ये येताना."

उमाशंकर त्या रात्री अर्ध्या ताटावरून उठला.

हे सगळं डोक्यात खदखदत असतानाच, येळवसेच्या दोन-तीन दिवस आधी नीलाबाई दळण घेऊन आली. रेवणसिद्धाची बायको. गडबडीत होती, चेहरा फुललेला. दुपारची वेळ, रांग ओसरली होती.

"भाऊजी, उंड्याचं हाय. जरा जाडसर काढा. लई मानसं येणार हायेत."

"काढतो की वैनी." त्यानं बाजरी पेटीत ओतली. "मालिकेची तयारी जोरात दिसायली."

"काय सांगू. ह्येनी मला कायबी दाखवत न्हाईत. म्हनतेत, एकदम पडद्यावरच बघ." ती लाजली. "झोपाळ्यावर बसल्यालं तेवढं दाखवलं ज्ञानोबाभाऊनी मोबाईलवर. कसं राजावानी दिसतेत वो."

'राजावानी' हा शब्द उमाशंकरला कुठं लागला ते त्यालाच कळलं नाही. पण लागला.

"आन् मेल्यालं?" त्यानं विचारलं.

"ते दाखवत न्हाईत म्हनले. निस्ता सांगावा येतोय गावात, की मालक गेले."

उमाशंकरच्या लक्षात आलं, हिला माहीत नाही. विमानाचं हिला कुणीच सांगितलेलं नाही. गल्लीत कुणालाच माहीत नाही, रेवणसिद्ध सोडून. अव्वा तर ते तोंडातून काढत नव्हती. आणि दुसरा तो स्वतः, कारण ते विमान त्याच्यासाठी सजणार होतं. पेटीतली बाजरी संपत आली. गप्प बसता आलं असतं. त्यानं मोटार बंद केली, आणि आवाज बसल्यावर, मायेनं बोलावं तसं बोलला.

"वैनी, एक करा. विमान निघतंय ना, तेवढ्यापुरते डोळे मिटून घ्या. बाकी बघा मग खुशाल."

"कुनाचं विमान?"

"त्याचंच की. बसवून, हार घालून, इभूत लावून न्हेतेत मालकाला. रविकिरणनंच सांगितलं होतं मला." तो पीठ डब्यात दाबत राहिला. "आता अमुशाच्या दिवशी, आपल्याच रानात... पन खोटं खोटंच असतंय म्हना ते."

नीलाबाईचा हात आपोआप गळ्यातल्या मण्यांवर गेला. तिनं डबा उचलला, तो तिला जड झाल्यासारखा वाकडा धरला आणि चालती झाली. उमाशंकरनं पाहिलं, ती दुकानाच्या पायरीवर न चढता मागच्या दारानं घरात गेली.

त्याला गोड वाटलं. उसाच्या रसाचा पहिला घोट घशाखाली उतरावा तसं.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. पडदा रद्द, यंत्र रद्द. नीलाबाईनं अंथरूण धरलं होतं. तिचं म्हणणं एकच, कुंकवाच्या धन्याचं विमान अमावस्येच्या दिवशी मी माझ्या रानात फिरू देणार नाही. चारचौघांत तर नाहीच. रेवणसिद्धानं हातापाया पडून पाहिलं म्हणे. ज्ञानोबा गिरणीत येऊन हळहळला.

"कोन सांगितलं असंल रं तिला?"

"बायामानसांना कळतंयच कुठून तरी," उमाशंकर म्हणाला आणि वाट बघू लागला. आता ज्ञानोबा म्हणेल, चल मग फौजदार, तुझ्याच रानात जमू. त्यानं मनात जागासुद्धा ठरवली होती, बाभळीखाली, वारं लागत नाही तिथं. अंजूला चुरमुरे जास्त आणायला सांगायचं.

ज्ञानोबा म्हणाला, "आता काय, ज्यानं त्यानं आपापल्या मोबाईलवर बघायचं. बायकोच्या म्हायेरच्यांनी बोलवलंय मला निलंग्याकडं. तिकडंच जातो."

एकामागून एक सगळ्यांचं तेच झालं. येळवसेला उमाशंकरच्या रानात कडब्याची कोप उभी राहिली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पूजेला मांडले, आंबील शिंपडून झाली, आणि पंगतीला बसायला घरातली तेवढी तीनच माणसं उरली. पोरं पुण्याला, त्यांना सुटी नव्हती. अंजूनं सवयीनं मोठं मडकं भरलं होतं. आंबील काठापर्यंत तशीच.

"औंदा कोनी फिरकलं न्हाई," केवळाबाई म्हणाली. "काय नाराजी झाली का कुनाची?"

"सगळ्यांचं डोकं त्या मोबाईलात," उमाशंकर म्हणाला. त्यानं स्वतःचा मोबाईल बंद करून पिशवीत तळाशी टाकला होता. ती मालिका बघायचीच नाही, असं त्यानं ठरवलं होतं. गावानं बघावी. आपण हरभऱ्यात पाणी बघावं.

ऊन उतरणीला लागलं. आसपासच्या रानांतून हसणं, भांडी, पोरांची पळापळ ऐकू येत होती. आणि बांधावरून एकटा माणूस येताना दिसला. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. रेवणसिद्ध.

येळवसेला रानात आलेल्या माणसाला परत पाठवायचं नसतं, शत्रू असला तरी. अंजूनं घोंगडी झटकली. केवळाबाईनं "ये रं रेवणा" म्हणून हाक मारली. उमाशंकरनं स्वतः पत्रावळ मांडली, उंडा फोडून त्यावर भज्जी वाढली. रेवणसिद्ध खाली मान घालून जेवला. दोन वाट्या आंबील प्याला. मग हात धुऊन खिशातून मोबाईल काढला.

"टाईम झाला," तो म्हणाला. "चल, बघू."

"मी बघत न्हाई असलं आता."

"बस गप."

त्यानं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. उमाशंकर उठून जाणार होता, पण बसूनच राहिला. आधी अंधार आला, मग पाण्याशिवायच्या बारवेत पडणाऱ्या दगडाचा आवाज, मग पायऱ्या. अंजू हातातलं भांडं विसळायचं विसरली. झोपाळ्यावर मालक बसला होता. तोंडात पान, डोळ्यांत असं काही की समोरचा गडी गारठला. हा माणूस आपल्या शेजारी साखर जोखतो यावर उमाशंकरचा विश्वास बसेना. आणि विश्वास बसेना तसतसं आत काहीतरी करपत गेलं. तो झोपाळा, तो गडी, तो कंदील, हे सगळं आपल्या अंगणात येऊन परत गेलं होतं.

मग विमान निघालं. शंख वाजला. झेंडूच्या माळांत बसलेला रेवणसिद्ध, कपाळभर विभूती, डोकं मागं कापडानं बांधलेलं, खांदेकऱ्यांच्या पावलांबरोबर संथ डुलतोय.

केवळाबाईनं उमाशंकरच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "बरं झालं बाई. माज्या उम्याला बसा म्हनत होता त्यो मेला. म्या न्हाई बसू दिलं."

रेवणसिद्धानं मोबाईल उचलला आणि मांडीवर पालथा घातला. शंख तसाच दबून वाजत राहिला.

"म्हंजी खरंच तुला इचारलं होतं."

"तेच तर बोंबलून सांगत होतो."

"आन् तू मला धाडलास." तो सावकाश बोलत होता. "तुजी अव्वा हाय म्हनून तुला चालत न्हाई. माजी गेली म्हनून मला चालतंय."

उमाशंकरसाठी त्या वेळी ते फक्त हात करून दाखवणं होतं. त्यात एवढं काही होतं हे त्याला आताच दिसलं.

"जंगम कपाळाला इभूत लावायला लागला ना," रेवणसिद्ध म्हणाला, "तवा मला निस्ती माजी आई दिसायली. तिला असंच बसवलं होतं आपन. तू पुढचा खांदा दिलतास. डायरेक्टर म्हनला, वा, मढं जमलं."

केवळाबाई उठून कोपीत गेली. अंजू तिच्यामागं.

"आन् नीलीला बी तूच सांगितलास."

"कोन म्हनतंय?"

"तीच की. गिरणीतून आल्या आल्या. डबा खाली ठिवायच्या आधी."

म्हणजे त्याला आधीपासून माहीत होतं. बांधावरून येताना माहीत होतं, उंडा खाताना माहीत होतं.

"मग आलास कशाला?"

रेवणसिद्धानं टॉवेलनं मोबाईलची काच पुसली. "मग बघू कुनाबर? नीली हातात धरू देत न्हाई. ज्ञानोबा निस्ता फोटू काढतोय माज्याबर. गाव वाहवा करायलंय, त्येंना रेवणसिद्ध दिसला की झालं." त्यानं विमान पुन्हा मागं घेतलं आणि मोबाईल तांब्याला टेकवला. "तुला माजं बरं झाल्यालं बघवत न्हाई. म्हनून तू बारीक बघशील. खोट कुठं हाय ते तूच सांगशील."

मग उमाशंकरनं बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं. श्वासाची हालचाल शोधली, पापणी शोधली. झेंडूचं फूल ओघळून नेमकं डोळ्यावर पडलं, तरी तो माणूस हलला नाही. उमाशंकर पुढं वाकला. आणि मग त्याला सापडलं.

"थांब. मागं घे."

रेवणसिद्धानं मागं घेतलं.

"अंगठा बघ. डावा. हलला."

"न्हाई."

"हलला. परत लाव."

परत लावलं. अंगठा हलला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. रेवणसिद्धाचं तोंड पडलं. ते पडलेलं तोंड बघून उमाशंकरला किती बरं वाटलं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नसतं. ते बरं वाटणं थोडा वेळ टिकलं. मग तो म्हणाला, "तेवढं सोडलं तर..."

"तर काय?"

"तर मढं म्हनून कुठं खोट न्हाई." तो मोबाईलकडंच बघत बोलला. "मी असतो तर फूल पडल्याबरोबर शिंकलो असतो."

रेवणसिद्ध हसला नाही. पण मांडी सैल करून बसला. भाग संपला तेव्हा शेजारच्या रानात पोरं येळवसेच्या रिवाजाप्रमाणं पेटता पेंढा घेऊन पिकाभोवती फिरायला लागली होती. तांब्यापुढची काच काळी झाली.

"सांग फौजदार, कोन मारलं?"

"त्यो पानी आणून देनारा गडी. मालकानं प्याला परत केला तवा त्यानं आत वाकून बघितलं."

त्यानं रेवणसिद्धाच्या चेहऱ्याकडं बघितलं. भुवई उडते का, गाल थरथरतो का. रेवणसिद्धानं डोळे मिटून घेतले होते आणि चेहरा असा ओढून घेतला होता, की त्यातून हो किंवा नाही काहीच निघेना. विमानातला चेहरा. तेवढ्यासाठीसुद्धा उमाशंकरला त्याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी धुकं नव्हतं. येळवसेच्या दळणानं दगड गुळगुळीत झाले होते. पीठ गरम पडून करपट वास यायला लागला होता. उमाशंकरनं वरचा दगड उतरवला, गोणपाटावर पालथा घातला आणि टाकी लावायला बसला. छिन्नीनं एकेक खाच पाडायची, फुंकायची, पुढं सरकायचं.

शेजारी ही गर्दी. रात्रीत सगळ्यांनी पहिला भाग बघितला होता. मोटारसायकली आडव्या लागल्या होत्या, कुणीतरी हार आणला होता, आणि नीलाबाई आतून चहाचे कप पाठवत होती. नवरा जिता-जागता गल्ल्यावर बसलेला दिसल्यावर तिचाही जीव भांड्यात पडला असावा. उमाशंकरनं तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं.

ज्ञानोबा निलंग्याहून परत आला होता. तो पायरी उतरून गिरणीत आला, दगडाशेजारी उकिडवा बसला.

"फौजदार, तू खरं बोलत होतास की रं. रेवणसिद्धानं आत्ता सगळ्यांफुडं सांगितलं. आधी उम्याला इचारलं, मग मला."

उमाशंकरचा हात थांबला. एवढे दिवस हेच तर हवं होतं त्याला.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय. लई वंगाळ वाटलं आमाला." ज्ञानोबाच्या आवाजात खरी कळकळ होती. "दारात आल्यालं हुकलं की तुजं. आता अख्ख्या जिंदगीत न्हाई यायचं तसं. आमी समदे तेच बोलायलोत."

तिकडून पायरीवरची माणसं गिरणीकडंच बघत होती. दोघा-तिघांनी मान हलवून हळहळ दाखवली. उमाशंकरला वाटलं, त्यापेक्षा ते खोटा म्हणत होते तेच बरं होतं.

"दळण हाय का तुजं?" त्यानं ज्ञानोबाला विचारलं.

"न्हाई. निस्तं सांगायला आलतो."

"मग उजेड सोड जरा."

ज्ञानोबा बाजूला झाला. दारातून ऊन दगडावर पडलं. कुठपर्यंत खाचा झाल्यात ते उमाशंकरनं अंगठ्यानं चाचपलं, दगडाचा चुरा फुंकून उडवला आणि छिन्नीवर हातोडी मारायला सुरुवात केली. गव्हाचा डबा घेऊन आलेल्या बाईला त्यानं मान वर न करता सांगितलं, तासाभरानं या, आज बारीक निघंल.